मरोद्याला कोणी गेलंच नव्हतं

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात सत्यशीला टेंभुर्णे भिलाईजवळच्या रुआबांध्याच्या झोपड्यांतून फिरू लागली, तेव्हा तिथल्या बायकांना आधी वाटलं, पाण्याच्या टँकरवाली कोणी साहेबीण आली. दोघीतिघी पाणी भरायचे रिकामे गुंड-घागरी घेऊनच तिच्यापुढे उभ्या राहिल्या. अंगावर पांढरं सुती पातळ, पायात टायरच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी, आणि तोंडात बोली मात्र त्यांच्यासारखीच.

"पानी नाही आनलं वो मी," ती हसून म्हणाली, "पन तुमी पानी कुठून आनता, हे पुसाले आली आहो."

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, पुसनारी बाई.

सत्यशीलेचा बाप धोंडबा भंडाऱ्याकडून येऊन दुर्गच्या रेल्वेलाइनीवर गँगमन झाला होता. रूळ ठोकता ठोकता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, की पोरगी शिकली पाहिजे. लोक म्हणाले, पोरीला शिकवून काय कलेक्टर करणार? धोंडबा म्हणाला, "तुमाले काय करायचं? मी करून राहिलो ना." नागपूरला वसतिगृहात राहून ती इंटरपर्यंत शिकली. छप्पन्न साली नागपुरात लाखो लोकांसोबत तिने धम्मदीक्षा घेतली आणि त्याच वर्षी तिचं टिकारामशी लग्न झालं. टिकाराम पोलाद कारखान्याच्या उभारणीत रिगर होता, आभाळाला टेकलेल्या सांगाड्यांवर चढून गर्डर जोडायचा. सत्यशीला कॅम्पातल्या प्राथमिक शाळेत शिकवायची आणि रिकाम्या वेळी बी.ए.चा अभ्यास करायची.

डॉ. गुलाबराव मोहरील तिला त्या शाळेतच भेटले. ते समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचं विद्यापीठ गाडीने निम्म्या दिवसाच्या अंतरावर होतं. नव्या पोलादनगरीत राबणाऱ्या मजूर बायकांचा ते अभ्यास करणार होते: त्या कुठून आल्या, काय खातात, पाणी कुठलं पितात, किती लेकरं झाली, किती जगली. बायका परक्या माणसाशी बोलत नाहीत, म्हणून त्यांना इथलीच, शिकलेली बाई हवी होती. गुलाबरावांनी सत्यशीलेला समोर बसवून चार दिवस धडे दिले. मध्ये बोलायचं नाही. उत्तर सुचवायचं नाही. बाई रडायला लागली तर थांबायचं. आणि घराला कुलूप असेल, तर तिथली जागा कोरी सोडायची.

"कोरी जागा म्हणजे अपयश नव्हे," ते म्हणाले होते. "कोरी जागा खरी असते."

सत्यशीलेला ते वाक्य फार आवडलं. वर्गातल्या पोरांनाही तिने ते सांगितलं. उत्तर येत नसेल तर शेजाऱ्याचं पाहू नका, कोरं सोडा.

कामाची वाटणी झाली. रुआबांध्याकडच्या झोपड्या सत्यशीलेकडे आणि मरोद्याकडच्या रामाजीकडे. रामाजी हा गुलाबरावांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा मुलगा. सडसडीत, लाजरा, सरांपुढे मान वर न करणारा. वैशाख पेटला होता. लाल मुरमाची धूळ उडून नाकातोंडात जायची. दुपारी टिनाच्या झोपडीत पाय टाकावा तर भाकरीच्या तव्यावर टाकल्यासारखं व्हायचं. तरी सत्यशीला शाळा सुटली की निघायची. एकेका उंबऱ्याशी बसायची. बायका सिमेंटने फाटलेले हात दाखवायच्या आणि बोलायच्या. कोणी मेलेल्या लेकरांची नावं घ्यायची, कोणी नावच ठेवलं नव्हतं म्हणायची. काही घरं शेवटपर्यंत बंदच राहिली. ती तिने कोरी सोडली.

त्याच वैशाखात तिच्या घरावर घाव बसला. टिकारामची मोठी बहीण भागीरथा मरोद्याच्या झोपड्यांत राहायची आणि जलाशयाच्या कामावर रेजा म्हणून डोक्यावर माल वाहायची. नवरा मागेच वारला होता, पदरात दोन लेकरं. धाकट्या पोराला हगवण लागली. वस्तीला पाणी यायचं ते एका डबक्यातून, तिथेच गुरं बसायची. सत्यशीला धावत गेली, तोवर पोराचे डोळे खोल गेले होते. दवाखान्याच्या वाटेवर मामीच्या, सत्यशीलेच्याच, मांडीवर त्याने जीव सोडला. ते पोर सत्यशीलेने आपल्या हाताने मातीत ठेवलं.

म्हणून हिवाळ्यात जे घडलं, ते तिच्या कानांना खरंच वाटेना.

टाउनशिपमधल्या एका नव्या सभागृहात गुलाबरावांचं व्याख्यान होतं. इंजिनियर, ठेकेदार, त्यांच्या बायका, काही रशियन पाहुणेही आले होते. सत्यशीलेला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मग ते अहवालातलं वाचू लागले.

"मरोद्याच्या वस्तीतली भागीरथा नावाची विधवा मजूर स्त्री सांगते, मला दोन मुलं, दोन्ही धडधाकट आहेत. पाण्याची अडचण नाही. गावापेक्षा इथं आम्ही सुखात आहोत."

टाळ्या झाल्या. सत्यशीलेचे हात मांडीवरच राहिले. तिच्या मनात आलं, दुसरी भागीरथा असेल. मग आलं, दुसरी कोण? मरोद्यात त्या नावाची ती एकटीच. उठून ओरडावं असं वाटलं, पण तिने दात आवळले. मध्ये बोलायचं नाही, हेही तिला सरांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तडक मरोद्याला गेली. भागीरथा चुलीपुढे बसली होती.

"बाई, उन्हाळ्यात तुमाले पुसाले कोनी आलं होतं का? विद्यापीठाचा पोरगा? चष्मेवाला?"

"कोनी नाही आलं. कावून?"

सत्यशीलेने सांगितलं. भागीरथा ऐकता ऐकता उभी राहिली. तिचा पीठ लागलेला हात तसाच हवेत राहिला.

"मी असं बोलली? माही दोनी लेकरं धडधाकट हायेत, असं मी बोलली?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मायं पोट्टं मातीत हाये, सत्या. अन् हे लोक टाळ्या वाजवून राहिले?"

सत्यशीला तिथेच थांबली नाही. शेजारी चंपा राहायची, छत्तीसगढी बाई, ती म्हणाली, "कोनो नइ आइस, बहिनी." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. आठवडाभर ती दारोदार फिरली. मरोद्याला कोणी गेलंच नव्हतं.

गुलाबराव अजून अतिथिगृहात होते. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत चहा घेत होते. तिचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रामाजीची प्रकृती नाजूक," ते म्हणाले. "त्या उन्हात तो जाऊन पडला असता. ठेकेदाराच्या हजेरीतून नावं मिळाली होती, तुमच्या रुआबांध्याच्या उत्तरांवरून साधारण अंदाज होता. त्यावरून भरलं. सगळ्या मजूर वस्त्या सारख्याच असतात, बाई. निष्कर्षात असा काय फरक पडतो?"

"एक लेकरू मेलं सर. तुमी त्याले जिवंत लिवलं."

घाईत तिच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. गुलाबरावांनी कप खाली ठेवला.

"तुमचं दुःख मी समजू शकतो. पण अभ्यास एका लेकरावर चालत नाही. तुमचं नाव त्या अहवालात आहे. पुढच्या वर्षी एम.ए.ला प्रवेश, शिष्यवृत्ती, सगळं मी बघणार आहे. उद्या तुम्ही याच विषयात पीएच.डी. कराल. कशाला हातचं घालवता?"

"माझं नाव काढा त्यातून."

"काढलं तर लोक विचारतील, का काढलं."

"मग सांगा," सत्यशीला म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलं, तर मी सांगेन."

गुलाबरावांचा चेहरा प्रथमच बदलला. "नीट विचार करा. मरोद्याची माहिती खोटी म्हणाल, तर लोक रुआबांध्याच्या माहितीकडेही बोट दाखवतील. तिथं तर तुम्ही एकट्याच फिरला होतात. तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल?"

ती घरी आली. टिकाराम कामावरून आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि विडी विझवली. क्वार्टर नुकतंच मिळालं होतं. सभागृहात पुढच्या रांगेत बसलेले ठेकेदार त्याला नावाने ओळखत होते.

"भेव नाही वाटत तुले?" त्याने विचारलं.

"वाटते. दररोज सकाळी तुमी त्या गर्डरवर चढता, तवा तुमाले नाही वाटत?"

"वाटते तं."

"मंग?"

टिकाराम हसला. "जा तू. पन एकटी नको जाऊ. बाईले सोबत ने. लेकरू तिचं होतं."

सत्यशीलेने विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे तक्रार केली. पहिल्यांदा उत्तरच आलं नाही. दुसऱ्यांदा आलं ते असं, की प्रकरण खात्याच्या प्रमुखांकडे पाठवलं आहे. खात्याचे प्रमुख होते गुलाबराव मोहरील. सत्यशीलेने तिसऱ्यांदा लिहिलं, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच हातात ती देणं म्हणजे कोंबड्या राखायला मुंगसाला बसवणं आहे, आणि याचं उत्तर आलं नाही तर मी येऊन दारात बसेन. तेव्हा कुठे समिती नेमली गेली.

दरम्यान गुलाबरावांनी आपला डाव टाकला होता. शाळेच्या हेडमास्तरांकडे चौकशी आली, या बाई शाळेच्या वेळात बाहेर फिरत होत्या का? कॅम्पात कुजबुज सुरू झाली, की टेंभुर्णेबाईंनीच घरी बसून आकडे भरले आणि आता अंगावर येईल म्हणून दुसऱ्यावर ढकलतात. शाळेतल्याच एका बाई म्हणाल्या, सवलतीवर शिकलेल्यांचं असंच असतं. सत्यशीला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सवलत मला वर्गात बसायची मिळाली होती," ती म्हणाली. "खोटं लिहायची नव्हती मिळाली. ती ज्यांना मिळते, ते दुसरे."

माघाच्या थंडीत ती आणि भागीरथा गाडीने विद्यापीठाला गेल्या. भागीरथेने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. दगडी इमारत, उंच जिने, भिंतीवर जुन्या कुलगुरूंच्या तसबिरी. शिपायाने भागीरथेला बाहेरच अडवलं.

"साक्षीदार शिकलेला पाहिजे," आत निरोप गेला, तेव्हा एक सदस्य म्हणाले. "ही बाई काय सांगणार?"

"तिच्या तोंडी शब्द घातले, तेव्हा ती शिकलेली आहे का, हे कोणी पाहिलं नाही," सत्यशीला म्हणाली. "तेच शब्द ती नाकारते आहे, तर आता शिक्षण पाहता? ती आत आल्याशिवाय मी एका प्रश्नाचंही उत्तर देणार नाही."

सदस्यांत चुळबूळ झाली. समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक होते. कानाने थोडे कमी ऐकायचे. त्यांनी हात कानामागे नेला, तिला पुन्हा बोलायला लावलं आणि मग शिपायाला म्हणाले, "खुर्ची आणा. त्या बाईंना आत घ्या."

भागीरथा खुर्चीच्या टोकावर बसली. तिला अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं.

"हे तुम्ही सांगितलं?"

"नाही."

"कोणी विचारायला आलं होतं?"

"नाही. आलं असतं तं सांगतली असती. पोट्ट्याचं नाव सांगतली असती. मनोहर नाव होतं त्याचं." ती सगळ्यांकडे एकेक करून बघत गेली. "तुमी लिवा ना आता. मी बोलून राहिली, अन् तुमी लिवून कावून नाही राहिले?"

लिहिणाऱ्या कारकुनाने घाईघाईने टाक उचलला.

मग प्रश्नांचा रोख सत्यशीलेकडे वळला. एकाने विचारलं, डॉ. मोहरीलांनी तुमच्यासारखीला एवढी संधी दिली, त्याची ही परतफेड?

"संधी दिली म्हणून खोट्यावर गप्प बसायचं, असं कुठं ठरलं होतं?" ती म्हणाली. "आणि खरं लिहायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. शिकवलेलं त्यांनी सोडलं, मी सोडलं नाही. एवढंच झालंय."

समोर बसलेले गुलाबराव शांतपणे म्हणाले, "हिची स्वतःची माहिती तरी खरी कशावरून?"

"तपासा," सत्यशीला लगेच म्हणाली. "माझं आधी तपासा. रुआबांध्याला माणसं पाठवा. पण मला न सांगता पाठवा, आणि सरांनाही न सांगता."

अध्यक्षांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला ही भाषा कळत होती. "दोन्हीकडचं पुन्हा करून पाहू," ते म्हणाले. "कोणती घरं, ते चिठ्ठ्या टाकून मी ठरवेन. जाणारे दोघे या खात्याचे नसतील."

फाल्गुनात एक लेडी डॉक्टर आणि एक तरुण अधिव्याख्याता भिलाईला येऊन गेले. सत्यशीलेला ते आल्याचं कळलं, ते परत गेल्यावर. रुआबांध्यात काही घरं उठून गेली होती, बाकीची उत्तरं जुळली. जिथे कोरं होतं, तिथे शेजाऱ्यांनी सांगितलं, ती बाई सकाळीच कामावर जाते, दिवसभर कुलूप असते. मरोद्यात मात्र काहीच जुळेना. कागदावर जी बाई तीन लेकरांची आई होती, तिचं अजून लग्न व्हायचं होतं.

एक दिवस रामाजी स्वतःच सत्यशीलेच्या शाळेत आला. वाळला होता. दारातच उभा राहिला.

"बाई, मला सरांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी जातो म्हणालो होतो. ते म्हणाले, उन्हात मरू नकोस, मी सांगतो तसं भर. मी भरलं."

"हे समितीपुढं बोलशील?"

"बोललो. त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणाले, स्वतःचा दोष गुरूवर टाकू नको."

सत्यशीलेला त्याचा राग होता. भागीरथेचं पोर कागदावर त्याच्याच हाताने जिवंत झालं होतं. पण तो जे म्हणत होता, तेही खरं होतं, आणि खरं कोणाच्या तोंडून येतं यावर ते ठरत नाही. तिने त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं.

निकालाच्या दिवशी ती पुन्हा विद्यापीठात गेली. अहवाल मागे घेतला, असं जाहीर झालं. रामाजीचं नाव विद्यापीठातून कमी केलं. डॉ. मोहरील यांच्या देखरेखीत ढिलाई झाली, त्यांना समज देण्यात आली; ते खात्याचे प्रमुख राहतील. सत्यशीलेवरचे आरोप निराधार ठरले. कुलसचिवांनी कागद तिच्यापुढे सरकवला. माझ्या तक्रारीचं पूर्ण समाधान झालं आहे, असं त्यावर टाइप केलं होतं. खाली सहीची जागा.

"करा सही," कुलसचिव म्हणाले. "तुम्ही जिंकलात, बाई."

"रामाजीने काय सांगितलं, ते यात कुठं आहे?"

"ते नोंदीत घेण्याजोगं नव्हतं."

"का नव्हतं? ज्याने हाताने लिहिलं तो गेला. ज्याने लिहायला लावलं तो खुर्चीत आहे. आणि मी लिहून द्यायचं, की माझं समाधान झालं?"

"विद्यापीठाची अब्रू असते, बाई. बाहेर गवगवा झाला तर..."

"अब्रू ज्याने घालवली, तो वरच्या मजल्यावर बसलाय. मी नाही घालवली." तिने कागद परत सरकवला. "ही जागा कोरीच राहील."

कुलसचिव समजावत राहिले. ते म्हणाले, सही नसली तर प्रकरण उघडंच राहील. ती म्हणाली, उघडं राहू द्या, त्यासाठीच आले. अध्यक्ष दाराशी उभे होते. ती जवळून गेली, तेव्हा त्यांनी हात जोडले. तिनेही जोडले, पण तिचं मन त्यात नव्हतं. एवढं ठाऊक असूनही या माणसाने समितीच्या निकालावर सही केली होती, हे ती विसरू शकत नव्हती.

त्या विद्यापीठाचं दार तिला कायमचं बंद झालं. बी.ए. तिने बाहेरून पूर्ण केलं, एम.ए. पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी. डॉक्टरेट झालीच नाही. गुलाबराव पुढे मोठे होत गेले, त्यांच्या नावापुढे आणखी पदं लागली. हे तिला सलत नसे, असं नाही. पेपरात त्यांचा फोटो आला, की ती पान उलटायची आणि त्या दिवशी भाजीत हमखास मीठ जास्त पडायचं. टिकाराम मुकाट्याने खायचा.

पण मरोद्याची माहिती खोटी ठरली, म्हणून काम संपलं असं तिने मानलं नाही. खोटं काढून टाकलं, तर खरं कुठे आहे? पुढच्याच उन्हाळ्यात ती स्वतः मरोद्याला गेली. तिच्यामागे विद्यापीठ नव्हतं, कोणाचं पत्र नव्हतं. सोबत भागीरथा होती. एकेका झोपडीपुढे दोघी बसल्या. संध्याकाळी कामावरून परतलेल्या बायकांचा घोळका जमायचा. गेल्या दोन उन्हाळ्यांत वस्तीतली किती लेकरं गेली, हे त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. मनोहरचं नाव भागीरथेने स्वतः घेतलं. मग ते घेऊन त्या साऱ्या बायका ठेकेदाराच्या ऑफिसपुढे जाऊन बसल्या. ठेकेदार म्हणाला, विद्यापीठाने तर सगळं ठीक आहे म्हटलं होतं. सत्यशीला म्हणाली, विद्यापीठाने ते मागे घेतलंय, आता तुम्ही पण घ्या. तीन दिवस कोणी कामावर गेलं नाही. चौथ्या दिवशी टँकर आला, आणि पावसाळ्यानंतर वस्तीत बोअरिंगचा हापसा बसला.

एक-दोन वर्षांनी पुन्हा कुठूनसे पाहणी करणारे लोक मरोद्याला आले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात कॅमेरा. भागीरथेच्या दारात उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, नाव काय, मुलं किती?

भागीरथेने चटई अंथरली.

"पयले खाली बसा," ती म्हणाली. "मंग पुसा. मी सांगतो ते लिवा, अन् लिवलेलं मले वाचून दाखवा. बरोबर असन तं मी हाव म्हनतो. नसन तं तुमी खोडून टाका. नाही जमत, तं निंगा इथून."

ते एकमेकांकडे बघायला लागले. आजूबाजूच्या दारांतून बायका बाहेर आल्या होत्या आणि चंपा कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी होती. शेवटी त्यांच्यातला एकजण बूट काढून चटईवर बसला.